पान ८८ वरची वसुधा

मी ओळ खोडली, अपडेट केलं आणि वसुधा परत आली. तिसऱ्यांदा.

थांबा, आधी नीट सांगते. मी नवीन पनवेलला एका छोट्या ऑफिसात पुस्तकं सेट करते. थिसिस, स्मरणिका आणि सगळ्यात जास्त कुलवृत्तांत. हा कुलवृत्तांत खारघरच्या प्रभाकरकाकांचा. टाइप केला होता त्यांच्या बायकोने, चार वर्षं खपून. काकू गेल्या वर्षी वारल्या. काकांनी फाइल न उघडताच पेनड्राइव्हवर आणून दिली. रविवारी कुलसंमेलन, म्हणजे गुरुवारी फाइल प्रेसला जायलाच हवी होती.

अनुक्रमणिका वर्ड स्वतःच बनवतं. ज्या ओळींना 'हेडिंग' ही स्टाइल दिलेली असते, त्या ते पुस्तकभर फिरून गोळा करतं आणि पान नंबर टाकतं. इथे प्रत्येक माणसाचं नाव म्हणजे एक हेडिंग. तर यादीत प्रभाकर, मग वसुधा, मग अरुण. वसुधा, पान ८७. आणि ८७ वर वसुधा नव्हतीच. प्रभाकरकाकांची माहिती संपते, थोडी मोकळी जागा, की अरुण सुरू.

आमचे मंगेश सर म्हणाले, जुनं काहीतरी राहिलं असेल, उडव. मी उडवलं. पण अनुक्रमणिकेतली ओळ हाताने खोडून काही होत नाही. अपडेट केलं की वर्ड परत फेरी मारतं आणि जे सापडेल ते आणतं. म्हणजे त्याला ती कुठेतरी सापडत होती.

मग मी काकांचा लग्नातला फोटो आधीच्या पानावर टाकला, मजकूर खाली सरकला, अपडेट केलं. वसुधा, पान ८८.

ती सरकली होती. सगळ्यांबरोबर. भर दुपारी, एसी चालू, बाजूला झेरॉक्स मशीनची खरखर, आणि माझ्या हातावर काटा.

कंट्रोल दाबून त्या ओळीवर क्लिक केलं की वर्ड थेट त्या जागी नेतं. मला त्याने मोकळ्या जागेत नेलं. पांढऱ्या पानावर कर्सर लुकलुकत होता. मी उजवा बाण दाबला. कर्सर हलला. परत दाबला, परत हलला. तीनदा, आणि मग ओळ संपली. व, सु, धा. खालच्या ओळीत तर तो चालतच राहिला.

मी सगळी जागा सिलेक्ट केली. करडी पट्टी आली आणि तिच्यात पांढरी अक्षरं दिसली. अक्षरांचा रंग पांढरा केलेला होता. प्रिंटमध्ये तिथे कोरा कागद आला असता, पण अनुक्रमणिका रंग बघत नाही, स्टाइल बघते.

मजकूर असा होता: 'सध्या सुकापूर, तळ्याजवळची बिल्डिंग, तिसरा मजला. दोन मुलगे. महिन्यातून एकदा भेट होते. गुडघे दुखतात, पण मला सोडायला खालपर्यंत येते.'

मी सरांना हाक मारली. सरांनी वाचलं आणि काकांना फोन लावला.

काका आले. स्क्रीनसमोर बसले. वसुधा त्यांची पाठची बहीण. चाळीस वर्षांपूर्वी घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न करून गेली, तेव्हापासून घरात तिचं नाव कोणी घेत नाही. कुलवृत्तांताच्या समितीनेही ठरवलं, तिची माहिती छापायची नाही. काकांनी काकूंना तसं सांगितलं होतं. काकू 'काढते' म्हणाल्या होत्या.

काकांनी तो मजकूर दोनदा वाचला. बोट स्क्रीनला लागेल इतकं जवळ नेलं.

"सुकापूर? इथलं?"

मी मान हलवली.

"दर महिन्याला ही भजनाला जायची," ते म्हणाले.

मी दोन उपाय सांगितले. नावाची हेडिंग स्टाइल काढली, की ती अनुक्रमणिकेतून जाईल आणि पानावर पांढरी राहील. कोणालाच कळणार नाही. नाहीतर अक्षरं काळी करायची.

"दोन्ही नको. आहे तसंच छाप."

सर म्हणाले, "काका, अनुक्रमणिकेत नाव आणि पानावर जागा रिकामी? लोक आम्हाला नावं ठेवतील."

"ठेवू देत, माझ्यावर ढकला. माहिती छापणार नाही असा शब्द दिलाय मी. अनुक्रमणिकेचं कोणी काही बोललं नव्हतं."

गुरुवारी फाइल प्रेसला गेली. पाठवताना मी पान ८८ मुद्दाम बघितलं नाही.

सोमवारी काकांचा फोन आला. संमेलनात जेवणाआधीच पोरांनी ८८ उघडलं होतं. एकाने पान उजेडात धरलं, एकीने बोट फिरवून बघितलं. ही वसुधा कोण, तिचं पान कोरं का, असं सगळे समितीलाच विचारत होते. शेवटी समितीतल्या सगळ्यात मोठ्या काकांना माइकवर उठून सांगावं लागलं. नाव घेऊन. मग प्रभाकरकाका म्हणाले, वीस प्रती अजून हव्यात, ह्या वेळी ८८ वरची अक्षरं काळी कर, फक्त मजला बदल. लिफ्ट नाहीये म्हणून ती मागच्या महिन्यात तळमजल्यावर आलीय.

तर लक्षात ठेवा. अनुक्रमणिकेत नको असलेली ओळ दिसली तर ती तिथे खोडू नका, मूळ हेडिंगची स्टाइल बदला. आणि बदलायच्या आधी पानावर जाऊन बघा, तिथे कोण आहे.