उखाण्यात अडलेलं नाव

सन २००२. मी एकाहत्तर वर्षांचा होतो. राहायला सिन्नर, शाळा तिसरीपर्यंत, जन्मभर गवंडीकाम. कुणापुढे मान खाली घातली नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

त्या साली नाशिकच्या कॉलेजातली एक मुलगी आमच्या गल्लीत घरोघर फिरत होती. म्हाताऱ्या माणसांच्या तब्येतीचा अभ्यास करायला तिला शिष्यवृत्ती मिळाली होती. मी म्हणालो, "म्हातारं आम्ही व्हायचं अन् शिष्यवृत्ती तुला? बरंय बाई!"

"तुम्ही व्हा बाबा निवांत, मी लिहून घेते," ती हसून म्हणाली.

माझं झाल्यावर बायकोची पाळी. वार कोणता, महिना कोणता. उत्तरं मीच देत होतो. मग तिने विचारलं, "आजी, बाबांचं नाव काय?"

मीच मध्ये पडलो.

"आमच्यात बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत," मी म्हणालो.

"मग उखाण्यात घ्या ना, आजी!"

बायकोने पदर सावरला, पहिली ओळ ठसक्यात म्हटली, अन् नाव यायच्या जागी थांबली. माझ्याकडे बघत राहिली. ते बघणं लाजण्याचं नव्हतं. वर्षभर मला ठाऊक होतं. कालवणात दोनदा मीठ, पाण्याला जाऊन भलत्याच घरात शिरणं, सगळं मी झाकत आलो होतो. माझ्या घरातलं माणूस खुळं झालं, असं कुणी म्हणायला नको होतं मला.

"लाजते ती. सगळं ठीक आहे, लिही," मी दरडावलं.

मुलगी घुटमळली. "विसरत असतील तर आमच्या डॉक्टर मॅडम तपासतील, बाबा. पण तपासायच्या माणसांची यादी उद्या दुपारी द्यायची आहे. मी नाशकात द्वारका चौकाजवळच्या मुलींच्या हॉस्टेलात असते."

"माझी बायको काही विसरत नाही."

तिने तसंच लिहिलं अन् ती गेली.

संध्याकाळी जेवायला बसलो. बायकोने ताट पुढे सरकवलं, डोक्यावर पदर घेतला अन् म्हणाली, "जेवून घ्या भाऊ. आमचे मालक कामावरून येतीलच."

घास हातातच राहिला. "अगं, मीच तो!" मी ओरडलो. ती घाबरून भिंतीला चिकटली अन् दाराकडे बघून हाका मारायला लागली, "अहो, या ना लवकर! अहो!" मी समोर बसलेलो, अन् मला ओ देता येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा हात धरून पहिल्या एसटीने द्वारकेला उतरलो. विचारत विचारत हॉस्टेल गाठलं. ती मुलगी मैत्रिणींबरोबर फाटकाशी आली. त्या सगळ्यांसमोर मी म्हणालो, "पोरी, काल मी खोटं बोललो. हिला यादीत घे."