सॅम्पल नापास

लॅबवाल्यांकडे किस्से आपोआप साठतात. नव्वदच्या आसपास मी जळगावच्या एका मॅटर्निटी होममध्ये टेक्निशियन होतो. आमच्या डॉक्टर मॅडमना धास्ती एकाच दुखण्याची. गरोदरपणात बीपी चढतं, अंगातल्या अंगात रक्तातल्या पेशी फुटायला लागतात, लिव्हर बिघडतं आणि बाई बघता बघता जाते. तरी आम्ही किस्से सांगून हसायचो. आता हसू येत नाही.

*

एक धुळ्याकडची सासू. सुनेचे पाय सुजलेले, लघवीचा रिपोर्ट मात्र एकदम क्लीन! मॅडमना संशय आला. "बाटलीतली लघवी कुणाची?"

"सून लाजस, ताई. ती मनी शे." म्हणजे सासूची स्वतःचीच! "घर ते एकच शे ना!"

*

छातीखाली दुखतं म्हणून बाई आली, की घरच्यांचं निदान तयार: भरीत बाधलं! मॅडम वैतागून म्हणायच्या, "या जिल्ह्यात लिव्हर कुणाचं बिघडतच नाही. सगळा दोष वांग्याचा!"

सोड्याच्या पाण्यावर चार-चार दिवस काढून बायका यायच्या. काही परत गेल्याच नाहीत.

*

रावेरकडचा एक केळीवाला बाटलीभर पिवळं पाणी घेऊन आला. बायकोला आठवा महिना, डोळे पिवळे. कावीळ उतरवणाऱ्यानं तिचे हात चुन्याच्या पाण्यात धुतले होते, तेच हे पाणी.

"भाऊ, किती उतरली तेवढं टेस्ट करून सांगा!"

"अहो, पण बाई कुठंय?"

"घरी. उतरली ना!"

मॅडमनी लगोलग जीप पाठवली. उपयोग झाला नाही.

*

आणि हा माझा.

रक्त घाईत ओढलं की नळीत फुटतं, मशीनमध्ये फिरवल्यावर वर येणारं पिवळं पाणी लाल होतं, टेस्ट करता येत नाही. चूक सिस्टरची, हे आमचं ठरलेलं!

एकवीस वर्षांच्या गरोदर पोरीची नळी तिची आई घेऊन आली. लाल.

"नापास! सिस्टरना म्हणावं, चष्मा बदला!"

आई धावत दुसरी घेऊन आली. तीही लाल. "नापास!"

तिसरी मॅडमनी स्वतः काढली होती. मशीनमध्ये फिरवली. लाल!

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. रक्त नळीत नाही, पोरीच्या अंगातच फुटत होतं. पहिल्या नळीनंच सांगितलं होतं. माझ्या शहाणपणात दोन तास गेले.

बाळ वाचलं. पोरगी गेली.

संध्याकाळी आई लॅबच्या दारात आली.

"भाऊ, शेवटलं रगत तरी पास झालं का?"

"झालं, अक्का," मी म्हणालो.