शालनच्या आमटीतला हिंग

शालन जाऊन पाच आठवडे झाले. सुभेदारांचा, म्हणजे तिच्या यजमानांचा फोन आला तेव्हा मी तिच्याचसाठी आमटीला फोडणी देत होते. "ताई, गेली ती," एवढंच म्हणाले... मला गॅस बंद करायचंही सुचलं नाही.

लष्करातून निवृत्त होऊन ते दोघं गुरुग्रामला आमच्या शेजारी राहायला आले, तेव्हाच तिची बोटं संधिवातानं वाकलेली होती. सकाळी नळ फिरवता यायचा नाही. पुढे पोट बिघडलं, वजन उतरलं, आणि कळलं की गहूही सोसत नाही, सीलिएक आहे. डॉक्टरांनी समजावलं ते मला समजलं तसं सांगते. अंगातल्या काही पेशी जंतूचा किंवा अन्नाचा सापडलेला तुकडा धरून पहाऱ्यावरच्या पेशींना दाखवतात. कसा दाखवायचा, ती ठेवण आईवडिलांकडून येते. तिथेच गफलत झाली की पहारा कधी गव्हापायी आतड्यावर उठतो, कधी सांध्यांवर. आजार दोन, चूक एकाच जातीची. शालन म्हणाली, "ह्यांनी तीस वर्षं सरहद्द राखली, आणि माझी फौज घरातच गोळीबार करते." त्यावर सुभेदार म्हणाले, "अरे यार, संतरीला फोटोच चुकीचा दिला, तो काय करणार?"

तेव्हापासून तिची आमटी मी करायची. वेगळी कढई, वेगळा डाव, पोळीचं पीठ ओट्यावरसुद्धा नाही. तरी तिचं पोट बिघडायचं थांबेना. डॉक्टर विचारत, गहू जातोय कुठून? आम्ही दोघी अगदी ठामपणे माना हलवायचो. मग एकाएकी ती सुधारली. मला वाटलं, माझ्याच हातचा गुण.

पण सांध्यांच्या औषधानं तिची फौज आवरून धरली होती. थंडीत छातीत जंतू शिरले, ते खरे शत्रू होते, आणि त्यांना अडवायला पुरेसं कोणी उरलं नव्हतं.

तेराव्यानंतर सुभेदार माझा डबा द्यायला आले. दारातूनच म्हणाले,

"ताई, शेवटचं वर्षभर तुमची आमटी मीच खाल्ली. तुमच्या डबीतल्या हिंगात गव्हाचं पीठ असतं. तिनं डबीवर वाचलं होतं."

"मग मला सांगायचं नाही?"

"म्हणाली, ताई स्वतःला माफ नाही करणार."

म्हणजे त्याआधीचे ते सगळे महिने तिचं आतडं मी जाळत होते... चिमूटचिमूट, मायेनं. आणि ती त्या वाकड्या बोटांनी डबा घासून, तळाशी चमचाभर साखर घालून रोज परत पाठवायची. भांडं रिकामं द्यायचं नाही म्हणून.

त्या दिवशी मी झाकण उघडलं. डबा लख्ख घासलेला होता, कोरडा होता. आत काही नव्हतं.