ह्यांची पँट

माझं अक्षर वाईट आहे. ऱ्हस्व-दीर्घ चौथीपर्यंत जमलं नाही आणि चौथीनंतर शाळाच नव्हती. ही वही मी कोणाला दाखवणार नाही, तरी चुकून कोणाच्या हाती लागली तर माफ करा. लिहिताना मला हसू येतंय, म्हणून ओळीही वाकड्या गेल्यात.

हे गेले तेव्हा तेराव्यानंतर नणंद म्हणाली, "वहिनी, गेलेल्या माणसाचे कपडे घरात ठेवू नयेत. दादाचा जीव अडकेल." मी शर्ट दिले, स्वेटर दिला. एक जीन्सची पँट दिली नाही. सहा वर्षं हे तीच घालून कंपनीत जात.

नणंद मोरिवलीत आमच्या शेजारच्याच खोलीत राहते आणि माझं कपाट स्वतःचं समजून उघडते. मला बोलता येत नाही, पण लपवता येतं. आम्ही दोघी उल्हासनगरच्या एका शेठच्या जीन्सचे धागे कापतो. शिवलेल्या पँटींचा गठ्ठा घरी येतो, लोंबणारे धागे कात्रीने कापायचे, मोजून परत पाठवायचा. पिसाला दोन रुपये. घरात कायम निळा ढीग. ह्यांची पँट मी त्या ढिगात घातली. गठ्ठा बांधायच्या आधी काढायची, नवा आला की परत घालायची. दुपारी एकटी असले की ती मांडीवर घेऊन धागे कापायचं नाटक करायची. सहा वर्षांच्या पँटीला कसले धागे.

एका सकाळी मी नळावर होते आणि नणंदेने मला मदत केली. गठ्ठा बांधून टेम्पोत चढवूनही दिला.

दोन दिवस मी नव्या ढिगात उगाच तीच शोधत राहिले. नणंदेला सांगायचं कसं? तिसऱ्या दिवशी ती शेठकडून पैसे घेऊन आली. "वहिनी, तू चाळीस म्हणालीस, एक्केचाळीस भरले. तुला मोजता येत नाही."

मग मी सांगून टाकलं. वाटलं, आता ओरडेल. ती म्हणाली, "चप्पल घाल."

रिक्षाने उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधला शेठचा कारखाना गाठला. शेठ सिंधी, आमच्याशी मराठीत हिंदी मिसळून बोलतो. "भाभी, इथे हजार पँट. तुमची कौनसी?"

मशीनच्या आवाजात मी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने बोलले. "खालची दुमड हाताने घातलीय. पांढऱ्या दोऱ्याने." हे उंचीने कमी होते, आणि त्या दिवशी घरातला निळा दोरा संपला होता.

सगळे कारागीर पँटींचे पाय उलटे करून बघू लागले. सापडली ती पॅकिंगमध्ये. कडक इस्त्री, कमरेला स्टिकर, पुठ्ठ्याचं लेबल, वर प्लास्टिकची पिशवी. शेठने पँटीचा झिजून पांढरा पडलेला गुडघा उजेडात धरला. "घिसाई एकदम फर्स्ट क्लास आहे. आपल्याकडे अशी जमत नाही. कोणी केली?"

"मिस्टरांनी," मी म्हटलं. "सहा वर्षं लागली."

मग नणंद फिस्सकन हसली. "दादाला जन्मात कधी इस्त्री मिळाली नाही, वहिनी. आणि आता बघ, लेबल लागलं."

आम्ही दोघी पँटींच्या ढिगावर बसलो आणि हसत सुटलो. पोट दुखायला लागलं. लोक मला दगड म्हणत, कारण हे गेल्यापासून मी रडले नव्हते. तिथे हसता हसता रडू आलं, रडता रडता लेबल दिसलं की पुन्हा हसू. शेठ बिचारा पाण्याची बाटली घेऊन उभा, द्यावी की नको.

परत येताना पिशवी नणंदेच्या मांडीवर होती. मोरिवली येईपर्यंत तिने ती सोडली नाही. उतरताना माझ्या हातात देत म्हणाली, "कपाटातच ठेव. जीव अडकला तर अडकू दे, घरचाच आहे."

राहिले दोन रुपये. शेठने एक्केचाळीस पिसांचे पैसे दिले होते, आणि ह्यांच्या पँटीचा एकही धागा मी कापला नव्हता. नणंदेबरोबर परत पाठवले, त्याने घेतले नाहीत. पुढच्या गठ्ठ्यात चिंधीत बांधून घातले, तर त्याच चिंधीत परत आले. शेवटी एकटीच रिक्षाला वीस रुपये मोजून गेले आणि नाणं त्याच्या टेबलावर ठेवलं.

"ते आमच्या घरचं काम होतं," मी म्हटलं.

शेठने माझ्याकडे बघितलं, नाणं गल्ल्यात टाकलं आणि वहीत एक्केचाळीसचे चाळीस केले. "पूरा हिशोब, भाभी."