लाल शेरा

वजाबाकीच्या तासाला माझा दुसरीचा अख्खा वर्ग शाळेच्या व्हरांड्यात पालथा पडून मुंग्यांची रांग बघत होता. तेवढ्यात तपासणीचे साहेब पायरीशी येऊन उभे राहिले.

“बाई, टाचणवहीत आज वजाबाकी आहे ना?”

“आहे. उद्या घेईन.”

त्यांना काय सांगू? जूनपासून तोंड न उघडलेली मंदा आत्ताच म्हणाली होती, “बाई, ह्या एकमेकींना वाट देतात!” वहीत त्याला रकाना नाही. मूल काही रकान्यारकान्याने वाढत नाही. हात, डोळे, मन घेऊन ते सगळंच्या सगळं एकदम पुढे येतं. तेव्हा खडू खाली ठेवायचा, एवढीच माझी कला.

साहेबांनी शेरा मारला, ‘पाठ टाचणाप्रमाणे झाला नाही.’ मी त्याखाली ठसठशीत सही केली आणि परत मंदाशेजारी पालथी पडले.