पट्टीखालचा पत्रा

कामठी रोडवरचा गाड्यांचे पोचे काढणारा तो मिस्त्री बोलताना माणसाकडे पाहत नसे, पत्र्याकडे पाही. ठोकायला घेण्याआधी बोटाने पत्रा वाजवून ऐके. गाडीवरच्या चकचकीत पट्ट्या त्याने पेचकसाने उचकटल्याचं मी कधी पाहिलं नाही. बांबूच्या चिपेला चिंधी गुंडाळून तो त्या हळूच सोडवी.

आमच्या संघटनेची जुनी पिकअप मी त्याच्याकडे नेली. दुसऱ्या दिवशी मौद्याला मजुरांची सभा होती आणि मागच्या हौद्यात वीस कार्यकर्ते उभे राहणार होते.

"बाजूचे पोचे पुट्टीनं भरून द्या. वरून आम्ही घोषणा रंगवतो," मी म्हणालो.

त्याने बाजूची पट्टी काढली. खालचा पत्रा गंजून पार चाळणी झाला होता.

"याच्यावर पुट्टी? काहून गा?"

"एका दिवसाचा तर प्रश्न आहे, मिस्त्री. सभा महत्त्वाची आहे."

"मान्सं याले टेकूनच उभी राहतीन ना?"

त्याने हातोडी उचलली आणि एका ठोक्यात पत्र्याला आरपार भोक पाडलं.

"आता भर पुट्टी! नवा पत्रा जोडाले चार दिवस लागतीन. सभेले यष्टीनं जा, पोचशीन तरी."

मी संतापून बरंच बोललो. तो खाली मान घालून गंजका भाग कापत राहिला.

सभेसाठी मी लिहिलेली पत्रकं माझ्या पिशवीत होती. 'मजुराचा जीव स्वस्त नाही' हे त्यांचं शीर्षक. भेटेल त्याच्या हातात मी पत्रक देत असे. त्या दिवशी त्याला द्यायला माझा हात पिशवीत गेला आणि तिथेच थांबला.