सातवं बेअरिंग

दुपारचे दोन. प्रयोगशाळेतला पंखा कुरकुरतोय, आणि त्याच कुरकुरीवर सुगंधाचा डोळा लागतोय. चार वाजता पीएचडीच्या समितीपुढे उभं राहायचंय. बेअरिंग फुटणार हे त्याच्या थरथरीवरून आधीच ओळखायची तिची पद्धत; ती तपासायला तिनं सात बेअरिंगं फुटेपर्यंत फिरवली. सहांनी फुटण्याआधी थरथरून सांगितलं. सातवं मुकाट फुटलं. तिचे मार्गदर्शक देशमानेसर म्हणाले, "त्याच्यापुढे 'बसवताना चूक' लिही आणि गाळून टाक." ते बसवलं होतं कार्यशाळेतल्या रसूलमामांनी. त्यांच्या हातचं शेवटचं काम. महिन्याभरात मामा गेले. सुगंधानं ते दोन शब्द लिहिलेत, आणि पानाशेजारीच डोकं टेकलंय.

समोर मामा. कढईतल्या तेलात बेअरिंग तापतंय. कार्यशाळा कुठली, ही तर मामांच्या घरची चूल. भिंतीला तेवढं लेथ टेकलेलं.

"मामा, तुम्ही तर..."

"गेलो. म्हणून काम टाकू व्हय?"

"हातोड्यानं का नाही ठोकत?"

"नव्या नवरीला ढकलून घरात आणतात का, पोरी? ऊब दिली की आपल्या पायानं येती."

बेअरिंग शाफ्टच्या दांड्यावर अलगद सरकतं.

"खरं सांगा मामा, सातव्याला चुकलात?"

"चुकलो असतो तर तिथंच उतरवून पुन्हा बसवलं असतं. मेलेल्याच्या माथी मारायला लई सोपं असतंय!"

चूल नाही आता. नदीचा घाट आहे, पाण्यात शाफ्ट फिरतोय. मामा स्क्रूड्रायव्हरचं टोक सातव्या बेअरिंगला लावतात, मूठ तिच्या कानाला.

"काहीच ऐकू येत नाही, मामा."

"मग तसंच लिही. उद्या कुणाच्या पंपात असंच मुकाट फुटलं तर?"

"पदवी अडवतील."

"अडवू देत. तू काय त्यांच्या दारची पाहुणी हायस?"

आणि मामा लेथवर गुणगुणायचे तसं गुणगुणतात,

सहा लेकी बोलक्या गं, सातवी ती मुकीमुकी
मुकीच्या गं माथी कुणी, नका लादू खोटी चुकी

पाणी ओसरतं. पंखा कुरकुरतोय.

सुगंधा कानाला हात लावते. पाळीवर तेलाचा गोल ठसा, अजून कोमट. मामांचा स्क्रूड्रायव्हर तर कपाटात कुलपाआड आहे.

ती ते दोन शब्द खोडते. लिहिते : सातवं बेअरिंग नीट बसवलेलं होतं. त्याचं फुटणं माझ्या पद्धतीला आधी कळलं नाही.

दारात देशमानेसर. "गाळलंस ना?"

सुगंधा केस मुद्दाम कानामागे सारते. ठसा पुसत नाही.

"नाही सर. सातच्या सात घेऊन येतेय."